रुमालाखालचा सौदा

चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका आमदाराच्या मेहुण्याला बेड्याही घातल्या. पण नातवंडं विचारतात की आजोबा, तुमची सगळ्यात भारी केस कोणती, तेव्हा मला लातूरच्या एका दोन खोल्यांच्या घराची केस आठवते. एवढ्या वर्षांत तिचा एकही तपशील पुसट झालेला नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कचेरी, नवे साहेब, आणि त्यांच्यामागे बिऱ्हाड शोधत फिरणारे कारकून. त्यात दुष्काळ. गल्लीत टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या, आणि त्याच गल्लीत घराचे भाव आठवड्याआठवड्याला चढायचे. काल पानपट्टी चालवणारा आज घरांचा दलाल झालेला. मी तेव्हा शहर ठाण्यात फौजदार होतो.

एका सकाळी हजेरी चालू असताना एक विधवा बाई ठाण्यात आली. नवऱ्याला जाऊन तीन महिने झालेले. एका गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, तिला घर खाली करायला सांगितलं होतं. म्हणे तिच्या नवऱ्यानं मरण्याआधी बारा हजारांत घर विकायचं कबूल करून इसाराची आगाऊ रक्कम घेतली होती. गुत्तेदाराकडे सौदाचिठ्ठी होती, महसुली तिकिटावर नवऱ्याचा अंगठा होता आणि खाली साक्षीदार म्हणून जनावरांच्या बाजारातल्या एका दलालाची सही. ज्या घराला त्या दिवशी कुणीही चाळीस हजार दिले असते, ते बारा हजारांत चाललं होतं.

"साहेब, मालक मला इचारल्याबिगर मिठाचा खडा आणत नव्हते," बाई म्हणाली. "घर इकतील का? मला दुसरा निवारा न्हाई. इथून काढलं तर मी जाऊ कुठं?"

आमचे ठाणे अंमलदार मला बाजूला घेऊन म्हणाले, हे दिवाणी आहे, कोर्टाचा रस्ता दाखवून मोकळे व्हा. कागद पाहून मलाही आधी तसंच वाटलं. पण गुत्तेदाराची ख्याती माझ्या कानावर होती. गड्याची भूक मोठी. मी अर्ज ठेवून घेतला आणि चिठ्ठी ठसेतज्ज्ञांकडे पाठवली. महिन्यानं शेरा आला: ठसा शाईनं बरबटलेला, तुलनेस अयोग्य. झालं, पाणी पडलं सगळ्यावर!

मग खबर आली. मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजाराजवळच्या, एका हॉटेलवाल्यानं आमच्या लेखनिक हवालदाराला चहा देता देता सांगितलं की बाईच्या नवऱ्याचं तेरावं झाल्यावर गुत्तेदार आणि दलाल हॉटेलच्याच बाकड्यावर बसून कागद लिहीत होते. मी त्याला जबाब द्यायला बोलावलं, तर हात जोडले.

"साहेब, माझं नाव नका घेऊ. मला हितंच धंदा करायचा हाय."

म्हणजे खरं काय ते कळलं, पण हातात काही नाही. अशा वेळी पोलिसाला जो राग येतो, तो त्याच्या बायकोला ठाऊक असतो. राहिला एकच दरवाजा, साक्षीदार. दलालाला बोलावलं.

साठीचा माणूस, पांढरा पटका, खांद्यावर रुमाल. आव असा की ठाणं त्याच्याच बापाचं. मी दम दिला नाही. दम दिला की माणूस तोंड मिटतो. कौतुक केलं की सैल सुटतो. माझे वडील बैलांचा व्यापार करायचे, त्यामुळे बोलायला विषय होताच. अर्धा तास आम्ही बैलांच्या दातांवर बोललो.

मग सहज विचारलं, "घराचा सौदा कसा झाला?"

"कसा म्हंजे? आपला सौदा उघड्यावर होतच न्हाई, साहेब! रुमाल टाकला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल समोरच्याचा हात धरून वर रुमाल टाकतो आणि बोटं दाबून किंमत सांगतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो.

"मला दाखवा बरं," मी उजवा हात पुढं केला.

गडी खुलला. खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि माझं अंगठ्याजवळचं बोट दाबलं. "हे दहा हजार. त्यानं मान हालवली. मग मी हे आन् मधलं, दोन बोटं जोडीनं दाबली, वर दोन. तवा हासला. बारा हजारांत सौदा पक्का!"

"हाच हात?"

"उजवाच की. डाव्या हातानं कुणी सौदा करतंय व्हय?"

मी त्याला दोन पंचांसमोर पुन्हा तेच करायला लावलं. त्यानं हौसेनं केलं. हवालदारानं कोणतं बोट, किती वेळा, सगळं लिहून घेतलं. हे मी का केलं, खरं सांगू? मला तेव्हा काहीच सुचलं नव्हतं. वडिलांची शिकवण एवढीच की खोटं बोलणाऱ्याला भरपूर बोलू द्यावं.

दुपारी बाईकडे पुरवणी जबाब घ्यायला गेलो. विचारलं, "तुमचे मालक रुमालाखाली सौदे करायचे का?"

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "कशानं करतील, साहेब? बोटं कुठं व्हती त्यांना?"

तिनं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात नांदेडच्या दवाखान्याचा पिवळा पडलेला कागद होता. नवरा तरुणपणी तिकडे जिनिंगमध्ये कामाला असताना उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली होती, अंगठ्याजवळचं आणि मधलं. मुळापासून. जिनिंगच्या मालकानं भरपाई दिली, त्या पैशातून हे घर उभं राहिलं.

"बोटं देऊन घर घेतलंय आम्ही," ती म्हणाली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

कागद जप्त करून मी जीप अशी पळवली की ड्रायव्हर घाबरला. दलालाला पुन्हा बोलावलं, पंच बसवले, त्याचा जबाब वाचून दाखवला. बरोबर आहे म्हणाला. मग दवाखान्याचा कागद समोर ठेवला आणि त्याच्या कानाजवळ विचारलं, "मालक, नसलेली बोटं दाबली कशी?"

पटका सैल झाला म्हणतात, तो प्रकार मी त्या दिवशी पाहिला. बाईच्या नवऱ्याशी त्याची गाठच कधी पडली नव्हती. नुसती खोटी सही केली असती तर कदाचित सुटला असता. पण आयुष्यभर रुमालाखाली सौदे केलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकारचं खोटं रचताच येईना. त्यानं मॅजिस्ट्रेटसमोर सगळं कबूल केलं आणि माफीचा साक्षीदार झाला. हॉटेलवाल्याला नाव सांगायची वेळच आली नाही. गुत्तेदाराला त्याच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीतून उचललं. जेवणाच्या पंगतीतून उठवायचं पाप नको म्हणून ताक पिऊन होईपर्यंत थांबलो होतो, एवढीच दया. बनावट दस्तऐवज आणि फसवणूक, दोन्ही कलमांत शिक्षा लागली. त्या दिवशी मी ठाण्यात पेढे वाटले.

निकालानंतर बाईनं नांदेडला लेकीजवळ जायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. आमच्या लेखनिक हवालदाराला घर हवंच होतं. तो माझ्या मागं लागला, "साहेब, तुम्ही शब्द टाका, तुमचं ऐकतील." मलाही वाटलं, ऐकेलच. एवढं केलंय आपण.

गेलो. हवालदारही सोबत होता. चहा झाला. म्हटलं, "बाई, आपलाच माणूस आहे. थोडं सांभाळून घ्या."

तिनं कप खाली ठेवला. "साहेब, तुमचे उपकार मी मरेस्तोवर इसरणार न्हाई. पण घराचा भाव चव्वेचाळीस हजार. त्या मेल्या गुत्तेदारानं खोटा कागद दावून भाव पाडला. तुम्ही उपकार दाखवून पाडणार का?"

मोठमोठ्या गुन्हेगारांना मी खिंडीत गाठलं, पण असं कुणी मला गाठलं नव्हतं. लाज वाटली आणि त्या बाईचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. आपण नोकरी म्हणून केलेल्या कामाची किंमत दुसऱ्याच्या घरातून वसूल करायची नसते, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

मी हवालदाराकडे वळलो. "चव्वेचाळीस. आहेत का?"

"हायेत, साहेब," तो खाली बघत म्हणाला.

"मग घासाघीस कशाला करतोस? दे."

त्यानं दिले, पुरे चव्वेचाळीस हजार.