साबण लावलेले चार स्क्रू

मी डूख धरते, असं माझ्या सासरी म्हणतात. धरते तर! ज्याने मला माझ्याच दारावरून पुसून टाकलं, त्याला काय ओवाळायचं होतं?

नव्वदीच्या दशकात आम्ही विरारला, चंदनसारला घर घेतलं. मी शाळेत शिक्षिका, नवरा एका गोडाऊनमध्ये कारकून. कर्ज मिळालं ते माझी नोकरी बघून, म्हणून कागदावर माझं नाव आधी. बिल्डरचं दार नुसतं पुठ्ठ्यासारखं होतं, ते मी हट्टाने बदलून सागवानी करून घेतलं. सुतार वसईकडच्या गावातला, साठीचा ख्रिस्ती माणूस. दाराच्या उरलेल्या तुकड्यातून त्याने पाटी कोरून दिली. वर माझं नाव, खाली नवऱ्याचं. तोवर माझं नाव मी फक्त शाळेच्या मस्टरवर बघितलेलं. त्या अक्षरांवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

पाटी बसवताना सुतार प्रत्येक स्क्रू मेणबत्तीच्या तुकड्यावर घासून घेत होता. तुकडा देवळातला. चर्चला ते लोक देऊळच म्हणतात. मी विचारलं, हे कशाला?

"बाय, सागवान कडक असतो. मेन लावलं का स्क्रू लोन्यासारखा जातो, आनि काढायचा झाला तर तसाच बाहेर येतो."

"मग साबण नाही चालत?"

"साबनाने पन जाईल ना. पन साबन पानी धरतो, आनि आपली हवा खारी. लोखंडी स्क्रूला एकदा गंज चढला का देव आला तरी निघायचा नाय."

मी हसले आणि त्याला चहा दिला.

वास्तुशांतीला माझे थोरले दीर मुंबईहून आले. सासरे गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालायचा. दारात उभं राहून त्यांनी पाटी वाचली, एकदा, दोनदा, आणि आत गेले. दुपारी शेवटची पंगत बसली होती. मी जिलबी वाढत होते. बाहेर कसलातरी आवाज आला म्हणून बघते तर भाऊजींच्या हातात माझी पाटी! सुतार विसरून गेलेल्या स्क्रूड्रायव्हरने चारही स्क्रू काढलेले.

"बाईचं नाव वर? शेजारपाजारचे काय म्हणतील?" म्हणाले. "मी नवी करून आणतो, नुसती ह्याच्या नावाची. आणि स्क्रू बघ कसे सरसर निघाले, घट्टसुद्धा बसवता येत नाही तुमच्या सुताराला."

चपलांच्या रॅकवर त्यांनी माझं नाव पालथं घातलं. पंगतीतल्या बायका पानात बघत राहिल्या. नवरा तिथेच नारळ सोलत होता. त्याने मान वर केली नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण हातात जिलबीचं ताट होतं, आणि वीस माणसं जेवत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मी पाटी पुन्हा लावली. त्याच भोकात, तेच पितळी स्क्रू. संक्रांतीला भाऊजी आले आणि त्यांनी ती पुन्हा काढली. या वेळी तर हसत हसत, तिळगूळ खाता खाता. त्यांची ती नवी पाटी काही आली नाही. मेला चिकट माणूस, चार अक्षरांना पैसे सुटतील तर शपथ. दारावर नुसती चार भोकं. पोस्टमन विचारायचा, इथे कोण राहतं?

तेव्हा मला सुताराचं बोलणं आठवलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी नाक्यावरच्या दुकानातून मी साधे लोखंडी स्क्रू आणले, पितळीपेक्षा एक नंबर जाड. वाटीत मिठाचं पाणी कालवलं. कपडे धुवायचा साबण ओला केला, त्यात एकेक स्क्रू चांगला माखला, मिठात बुडवला, आणि पाटी दारावर धरून पिळला. गेले हो सरसर आत! शेवटचा पिळताना दात-ओठ खाऊन म्हटलं, आता काढा, भाऊजी.

पावसाळा गेटपासून जिन्यापर्यंत आत यायचा, भिंतीला बोट लावलं तरी ओलं. मी रोज शाळेत जाताना स्क्रूच्या डोक्यांकडे बघायची. आषाढात ती तांबडी झाली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण. भाऊजी या वेळी पिशवीत स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले. मी स्टूल पुढे केलं. चहाही दिला. पहिला स्क्रू हलेना. दुसरा हलेना. त्यांनी अंगाचं वजन टाकलं, खाच झिजून गुळगुळीत झाली, स्क्रूड्रायव्हर सटकला आणि डाव्या तळहातात घुसला. हळद मीच दाबली. जरा जास्तच जोरात दाबली.

"पटाशी आण," ते नवऱ्यावर ओरडले. "दार फोडून काढतो."

आणि माझा नवरा चक्क बोलला! म्हणाला, "दादा, नको. सागवानी दार आहे."

भाऊजी पुन्हा त्या पाटीच्या वाटेला गेले नाहीत. हात बरा व्हायला त्यांना महिना लागला, आणि खोटं कशाला बोलू, मला एका दिवसाचंही वाईट वाटलं नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. माझ्यासाठी दोनदा मूग गिळून बसलेला माणूस दारासाठी बोलला.

दहा-बारा वर्षांनी आम्ही वसईला एव्हरशाईन सिटीत मोठं घर घेतलं. सामान टेम्पोत चढलं. नवरा म्हणाला, तुझी पाटी घेऊ या ना, नव्या दारावर लावू. स्टुलावर चढून तो स्क्रूशी झटू लागला. तेल सोडलं, ठोकलं, पकडीने ओढलं. शर्ट घामाने भिजला. मी जिन्याच्या पायरीवर बसून शांतपणे बघत होते. खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

शेवटी तो दम खात म्हणाला, "अगं, हे एवढे घट्ट बसवले तरी कोणी?"

"मी," म्हटलं. "वास्तुशांतीला तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर मेणावर भागलं असतं."