आईच्या एक्स-रेची इस्तंबूल सहल

माझ्या आईच्या छातीच्या एक्स-रेने इस्तंबूल पाहिलेलं आहे. आईनेही पाहिलं, बायकोनेही पाहिलं. मी पाहिलं असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. त्या दिवशी माझी नजर एक्स-रेवरून हलतच नव्हती, आणि एकदाच हलली तेव्हा काय झालं तेच सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहत होतो, मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होतो. वडील गेल्यावर आई मिरजेत एकटी पडली होती. तिला इकडे आणायचं म्हणून मी सिटिझन झालो, तिचे पेपर्स फाइल केले आणि मग दोन वर्षं तिची मनधरणी केली. "तिथे येऊन मी करू काय?" एवढं एकच ती विचारायची. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी दर वेळी "तू ये तर खरं" म्हणून फोन ठेवायचो. (तेव्हा मिनिटाला इतके डॉलर पडायचे की उत्तर असतं तरी देणं परवडलं नसतं.) शेवटी ती तयार झाली. भाड्याची जागा सोडली, भांडीकुंडी भाच्यांना वाटून टाकली, आणि मी अन् वसुधा, म्हणजे माझी बायको, तिला न्यायला गेलो.

त्या काळी इमिग्रंट व्हिसावर येणाऱ्याने आपल्या छातीचा एक्स-रे बरोबर आणायचा असे. बाकीचे कागद वसुधाच्या पर्समध्ये मावले. एक्स-रेचं तपकिरी पाकीट मात्र चांगलं पाटाएवढं होतं. ते बॅगेत टाकायचं नाही, उघडायचं नाही आणि मुख्य म्हणजे वाकवायचं नाही. ऑफिसमधल्या एका मित्राने मला सांगून ठेवलं होतं, "एक्स-रे हरवला ना यार, तर एअरपोर्टवरूनच परत पाठवतात." परत म्हणजे कुठे? मिरजेत आता दुसरे भाडेकरू होते. मी तेव्हाच ठरवलं, न्यूयॉर्कपर्यंत ते पाकीट काखेतून काढायचं नाही.

तिकीट स्वस्तातलं, त्यामुळे वाटेत इस्तंबूलला एक दिवसाचा मुक्काम होता. वसुधाने लगेच बेत आखला. सकाळी साइटसीइंग, दुपारी शॉपिंग आणि संध्याकाळी तिथल्या प्रसिद्ध हमामात गरम पाण्याने अंग शेकून रिलॅक्स व्हायचं. 'रिलॅक्स' म्हणताना तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. एक्स-रे हॉटेलमध्ये ठेवू या, असंही ती म्हणाली. मी म्हटलं, हॉटेलला आग लागली तर? तिने पुढे वाद घातला नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती.

तेव्हा आमची वरात निघाली. पुढे वसुधा, मध्ये आई (नऊवारी, त्यावर मिशिगनच्या थंडीसाठी नेलेला माझा ढगळ ओव्हरकोट आणि पायात कॅनव्हासचे बूट) आणि मागे काखेत एक्स-रे घेतलेला मी. निळ्या मशिदीच्या दारात बूट काढावे लागले. एका हातात बूट, दुसऱ्यात पाकीट बघून तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने आत काय आहे असं खुणेने विचारलं. मी आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग आईकडे बोट केलं. त्याचा चेहरा एकदम पडला. तो धावत जाऊन आईसाठी खुर्ची घेऊन आला, पाणी आणलं, आणि आम्ही आत असेपर्यंत दुरून तिच्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत राहिला. बाहेर पडताना आई म्हणाली, फार मायाळू लोक आहेत हो इथले.

मग आम्ही बोटीतून फेरफटका मारला. वारा असा सुटला होता की पाकीट शिडासारखं फडफडायला लागलं आणि मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळून उभा राहिलो. वसुधाला फोटो हवा होता. पाणी, मनोरे आणि सासूबाई, सगळं एका फ्रेममध्ये. कॅमेरा धरायला मला हात मोकळे करणं भाग होतं. मी पाकीट आईकडे दिलं, वाकवायचं नाही म्हणून तीनदा बजावलं आणि फोटो काढले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

बाजारात शिरल्याबरोबर वसुधाने हळदीकुंकवासाठी पितळेचं एक मोठं नक्षीदार तबक घेतलं. दुकानदाराने ते तपकिरी कागदात बांधलं आणि माझ्या काखेत दिलं. काखेत चपटं, तपकिरी काहीतरी आल्यावर माझ्या जिवाला स्वस्थता वाटली. पुढे एका गालिच्याच्या दुकानात आम्हाला आग्रहाने बसवलं, चहा पाजला आणि गालिच्यांवर गालिचे उलगडून दाखवले. आम्ही "नंतर येतो" म्हणून उठलो. एक बारीकशी गोष्ट मला आता आठवते. तिथे आईचा रुमाल खाली पडला आणि ती उचलायला वाकली नाही. नुसती उभी राहिली. घरात तांदळाचा दाणा पडलेला दिसला तरी वाकणारी बाई! पण माझं लक्ष कुठे होतं? मी माझं तबक सांभाळत होतो.

हमामला बायकांचा आणि पुरुषांचा दरवाजा शेजारीशेजारी होता. आई म्हणाली, "मी सकाळीच केलीय आंघोळ, मी इथेच बसते," आणि दारातल्या बाकावर ताठ बसून राहिली. वसुधा तिकडे गेली, मी इकडे. कपडे उतरवले, त्यांनी दिलेला चौकड्यांचा पंचा गुंडाळला. तिथल्या माणसाने माझं पाकीट उचलून संगमरवरी कट्ट्यावर ठेवलं.

खण्ण!

एक्स-रे खण्ण वाजत नाही. एवढं विज्ञान मला येत होतं.

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. शर्टाची बटणं एक घर सोडून लावली होती हे नंतर फोटोत दिसलं. मी बायकांच्या दारातल्या बाईला हातवारे करून वसुधाला बाहेर बोलवायला लावलं. ती बिचारी नुकती कुठे तापलेल्या दगडावर पाठ टेकत होती. केसांतून पाणी गळतंय, चेहरा लाल, अशी ती बाहेर आली. आई समोरच बाकावर बसलेली. तिला कळता कामा नये, म्हणून मी इंग्रजीत शिरलो.

"द थिंग इज गॉन," मी म्हणालो.

"व्हॉट थिंग?"

"आईज थिंग. वी सॅट ओन्ली इन द कार्पेट शॉप. आय मस्ट हॅव लेफ्ट इट देअर."

वसुधाचा लाल चेहरा पांढराफटक पडला. आईने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही गं, वसूला तो गालिचा फार आवडला होता, जाऊन परत बघू या म्हणतेय.

"ओल्या केसांनी?" आई म्हणाली.

आम्ही धावतच दुकानात पोचलो. "नंतर येतो" म्हणालेलं गिऱ्हाईक खरंच परत आलेलं त्या दुकानदाराने बहुधा जन्मात पाहिलं नसावं. त्याने मला मिठी मारली. मी त्याला कोपऱ्यात नेऊन माझी कहाणी सांगितली. माणूस इतका भला की त्याने दोन गड्यांना हाक मारली आणि दुकानातला एकेक गालिचा उलगडून, झटकून, उलटा करून बघायला सुरुवात केली. प्रत्येक गालिच्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं: न्यूयॉर्कच्या विमानतळावर आई एकटी उभी आहे, ढगळ कोटात, आणि कुणीतरी तिला परतीच्या विमानाकडे नेतंय. मला रडू फुटायच्या बेतात होतं. आई दारापाशी बसून बिनदुधाचा चहा पीत होती. मध्येच तिने मला हाक मारून सांगितलं की बाबा, एखादा पसंत कर आता, त्या माणसांचे हात दुखले असतील.

दुकान संपलं. एक्स-रे नाही. माणसं घामाघूम झालेली, धूळ छतापर्यंत उडालेली, आमच्यापुढे चहाचे तिसरे पेले. वसुधा माझ्या कानात म्हणाली, "अहो, एवढं करून रिकाम्या हाताने कसं उठायचं? बरं दिसतं का?" आम्हा लोकांचा भिडस्तपणा हा असा. आई परत चालली असली तरी दुकानदाराला वाईट वाटता कामा नये! मी सगळ्यात वर होता तो लाल गालिचा दाखवला. तो आवडला होता का, हे मला आजही सांगता येणार नाही.

गालिचा खांद्यावर घेऊन आम्ही हॉटेलमध्ये आलो. आता सांगणं भागच होतं. मी आईसमोर जमिनीवर बसलो.

"आई, मी तुला मिरजेतून उठवलं, तुझं घर मोडलं आणि..." मी तिचे पाय धरले. "तुझा एक्स-रे मी हरवला. उद्या ते तुला आत घेणार नाहीत."

आई सावकाश उठली, ओव्हरकोटाची बटणं काढली, पाठीमागे हात घातला आणि नऊवारीत कंबरेला खोचलेलं ते तपकिरी पाकीट अलगद ओढून काढलं. एकाही जागी सुरकुती नाही.

"बोटीत माझ्याकडेच नाही का दिलास?" ती म्हणाली. "उडून जाईल म्हणून कोटाच्या आत घातला. वाकवायचा नाही म्हणालास, म्हणून दिवसभर पाठ ताठ धरून बसलेय. तिकडे आंघोळीला सुद्धा जाता आलं नाही मला. घे बाबा आता, जरा टेकू दे."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कुणी? तुम्ही दोघं इंग्रजीत बोलत होतात. मला वाटलं, गालिच्याच्या भावाचं चाललंय."

वसुधा पलंगावर पडून हसायला लागली आणि हसताहसता रडली. मला दोन्हीपैकी काहीच जमलं नाही. मी पाकीट छातीशी धरून बसलो.

न्यूयॉर्कला ऑफिसरने आईचे कागद बघितले, शिक्के मारले, "वेलकम" म्हणाला. एक्स-रेचं पाकीट त्याने उघडलंसुद्धा नाही. बाजूला तसल्याच पाकिटांची चळत होती, तिच्यावर भिरकावून दिलं. वाकलं बहुतेक. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. दोन रात्री न झोपलेला, खांद्यावर गालिचा, काखेत तबक, आणि शर्टाची बटणं अजूनही एक घर सोडून लावलेली, असा माणूस. त्याने अगदी हळुवारपणे विचारलं, "सर, आर यू ऑल राइट?"

काय म्हणाला, असं आईने विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं की तुझं सगळं व्यवस्थित आहे, पण माझी तब्येत ठीक आहे का म्हणतोय.

आईने माझ्या काखेतलं तबक काढून स्वतःच्या हातात घेतलं, शर्टाची चुकलेली बटणं काढून पुन्हा नीट लावली आणि म्हणाली, "दोन वर्षं विचारत होते ना, तिथे येऊन मी करू काय? आता कळलं."