टिप्परवर चढलेले योगीराज सर

गावात बोललं जातं, की योगीराज सरांनी निवडून आल्याबरोबर काकूंच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या नावानं टिप्पर घेतला. सोनपेठच्या बाजारात पोचेपर्यंत एकाचे दोन होतात. खोटं आहे. सरांनी टिप्पर घेतला नाही. ते एकदा टिप्परवर चढले, एवढंच.

सर आमच्या शाळेत पीटीचे. रिटायर झाले तेव्हा शिट्टी घरी घेऊन आले आणि गोदावरीत उतरायच्या वाटेवर नऊ वर्षं वाजवली. वाळूचा टिप्पर दिसला की आडवे. "ए परमेश्वऱ्या, सावधान. पीछे मूड." परमेश्वर ड्रायव्हर त्यांचाच विद्यार्थी. शाळेतल्या सवयीनं तो खरंच मागं घ्यायचा. सर जेवायला घरी गेले की पुन्हा उतरायचा. गावच्या नळाची विहीर नदीच्या पात्रातच आहे. वाळू गेली की तिचं पाणी गेलं. सरांचं भांडण तेवढ्यासाठी.

मग पक्षाचे दिनकरराव आले. दिनकरराव आधी घसा खाकरतात, मग समोरच्याचा हात धरतात आणि सोडतच नाहीत. "अहं, सर, किती दिवस एकटेच शिट्टी फुकायलाव? आमच्यात या. पंचायत समितीत बसा. तहसीलच शिट्टी वाजवील की तुमच्यासाठी."

काकू म्हणाल्या, "निम्मे टिप्पर त्यांच्याच माणसांचे हायत."

"म्हणूनच आत जायचं," सर म्हणाले.

मलाही पटलं. मी सरांशीच भज्याच्या प्लेटची पैज लावली: सर निवडून आले तर होळीच्या आत टिप्पर बंद.

"अर्पिते, मी उलटी लावतो. चालूच राहतेल."

"मग उभे कशाला राहायलाव?"

"बाहेर राहून तरी विहीर कुठं भरायली?"

सर निवडून आले. मिरवणुकीला पक्षानं गाडी पाठवली, ती परमेश्वरचा टिप्पर. धुतलेला, हार घातलेला. लोकांनी सरांना उचलून वर ठेवलं. "उतरवा रे," सर म्हणत होते, पण डीजेपुढं कुणाला ऐकू येणार? गुलालातला तो फोटो दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलात.

आठ दिवसांनी सर पुन्हा वाटेवर. शिट्टी वाजली. परमेश्वरनं टिप्पर थांबवला, काच खाली केली आणि लय अदबीनं विचारलं, "बसता का सर? त्या दिवशी तर वर लय शोभून दिसले."

सर बाजूला झाले.

त्यांनी दिनकररावांना फोन लावला. "अहं, सर, आता सत्ता आपली हाय. आपल्याच माणसाला आडवं जायचं व्हय?"

होळीच्या चार दिवस आधी नळ गेला. विहिरीत आता चिखल आहे. पाणी टँकरनं येतं, आणि टँकर दिनकररावांच्या भावाचा आहे.

सोनपेठच्या स्टँडवर मी भजे घेऊन दिले. सरांनी एक खाल्लं आणि प्लेट माझ्याकडं सरकवली. "हरलो असतो तर दोन प्लेटा घातल्या असत्या तुला," म्हणाले.