सूर्य शांत असलेली संध्याकाळ

नागपुरात जन्म काढून नागपूरच्या उन्हाबद्दल चकार शब्द न काढलेला माणूस मी एकच पाहिला, माझ्या बायकोचे मामा. नंदनवनातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत ते शॉर्टवेव्हचा सेट, मोर्सची टकटक करायची चावी आणि पाण्याचा माठ एवढ्यावर राहतात. मे महिन्यात डांबर वितळतं तेव्हा त्यांना काळजी उत्तर ध्रुवाची. सूर्यावर वादळ उठलं की त्याचा मारा ध्रुवांकडे ओढला जातो आणि तिथलं आभाळ रेडिओचा आवाज गिळून टाकतं, हे त्यांनी आमच्या दूधवाल्यालाही समजावलं आहे. गच्चीवरून शेवग्याला बांधलेली एरियलची तार बायकोला मात्र कपड्यांची दोरीच वाटते. "काहून वं, उत्तर ध्रुवावर तुही ओढणी वाळवून राहिली?" मामा ओरडतात. "तिथं थंडी हाय ना मामा, तिथल्या लोकाईले पांघराले होईल!" ती खालून म्हणते.

ही सगळी धडपड एका माणसासाठी. ध्रुवाजवळच्या बेटावर हवामान केंद्रात राहणारा मित्र. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. इकडून संत्र्याचा बहर जायचा, तिकडून बर्फ यायचा. मामी गेल्या तेव्हा मामा आमच्याशी बोलले नाहीत, त्याच्याशी बोलले. दिवाळीनंतर ती टकटक थांबली. "सूर्य बिघडला," मामा म्हणाले. मग संशय माझ्यावर आला. "जवाई, तुमचा इन्व्हर्टर लई खरखर करून राहिला." मी रोज संध्याकाळी इन्व्हर्टर बंद करू लागलो. पण मित्र गेल्याचं मला ठाऊक होतं. मामा मोबाइल वापरत नाहीत, मित्राला त्यांनी माझाच नंबर कळवून ठेवला होता. त्याच्या मुलीने मला फोन केला होता. जिना चढलो तो सांगायलाच. मामा हेडफोन लावून हसत म्हणाले, "बसा, आज येते तो." माझ्या तोंडून निघालं, "आजही वादळ आहे म्हणे." तेव्हापासून मी रोज सूर्यावर आळ घेतो. रात्री ठरवतो, उद्या सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या हौशी रेडिओवाल्यांत एक रीत आहे. सोबती गेला की त्याची खूण, म्हणजे रेडिओवरचं त्याचं नाव, शेवटची वाजवायची, थोडं ऐकायचं आणि सेट बंद करायचा. काल संध्याकाळी वीज गेली होती. मी वर गेलो, तर मामा सेट बॅटरीवर लावून मित्राची खूण वाजवत होते. वाजवून थांबले. खरखर ऐकली. सेट बंद केला.

"मामा, वादळ..." मी म्हणालो.

"सूर्य कवाचा शांत हाय, जवाई. इन्व्हर्टर लावा. पोरगी अंधारात सैपाक करून राहिली."

आज सकाळी बायकोने मुद्दाम त्या तारेवर ओढणी टाकली आणि बराच वेळ खाली उभी राहिली. वरून कोणी ओरडलं नाही.