जिथं ती कधी नव्हतीच

"ओळखीचं नको," एवढंच म्हणून सर हात वर करत आणि उठून बाहेर जात. स्टाफरूममध्ये कुणाच्या फोनवर जुनं सिनेमातलं गाणं लागलं की हे ठरलेलं. जव्हारजवळच्या आमच्या आश्रमशाळेत ते गणित शिकवत. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याला विक्षिप्त म्हणतो आणि चहा पितो. आम्हीही तेच केलं.

त्यांच्या कानात मात्र सदा काहीतरी वाजत असे. परदेशात दोन-तीन माणसांनी घरातूनच चालवलेल्या छोट्या कंपन्या असतात, त्यांची गाणी ते शोधून काढत. कधी प्रायोगिक जॅझ, म्हणजे एका खोलीत चौघं एकमेकांशी अबोला धरून वाजवताहेत असं. कधी एखादी बाई, शेजारी मूल झोपलंय अशा बेतानं हळू गाणारी. शाळेत रेंज यथातथाच, म्हणून रविवारी सर जवळच्या शिरपामाळाच्या उंचवट्यावर जाऊन गाणी उतरवून घेत. फिरायला आलेले लोक दरीपुढे उभे राहून फोटो काढत आणि हे दरीकडे पाठ करून फोनमध्ये डोकं घालून बसत.

"यात चाल कुठाय, सर?" मी एकदा विचारलं.

"नाहीये, मॅडम. म्हणून तर बरं आहे."

मग आपणहूनच म्हणाले, "मिसेस गेल्यापासून जुनं ऐकवत नाही. तिचा रेडिओ दिवसभर चालू असायचा. प्रत्येक गाण्यात ती भाजी निवडत बसलेली असते. जिथं ती कधी नव्हतीच, असं काहीतरी लागतं मला."

हे त्यांनी हजेरी घेतल्यासारखं सपाट आवाजात सांगितलं. मी भज्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

श्रावणात एकदा ते स्पीकरवर जॅझ लावून पेपर तपासत होते. सॅक्सोफोन दम न घेता घुमत होता. आमच्या स्वयंपाकीण मावशी, जामसरच्या, हातातल्या पळीसकट आत आल्या.

"सर, तारपा आताच कशाला लावला? भात पोटरीत पण नाय आला अजून."

भात तयार व्हायच्या आधी तारपा, म्हणजे नाचाला वाजवायचा दुधीभोपळ्याचा लांब बाजा, फुंकायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. आम्ही सगळे हसलो. "मावशी, हा परदेशातला बाजा आहे," मी म्हटलं.

"असंल. फुंक तर तारप्याचीच हाय."

सर हसले नाहीत. त्यांची सासुरवाडी खोडाळ्याकडची, सासरे तारपा वाजवणारे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बायकोनं त्यांना हाताला धरून नाचाच्या गोलात ओढलं होतं.

"इथंही आली," ते म्हणाले. स्पीकर बंद केला आणि उरलेले पेपर तपासू लागले.

त्यानंतर त्यांनी कानात काही घातलेलं मी पाहिलं नाही. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. जाताना सगळी गाणी माझ्या फोनवर पाठवली. म्हणाले, "तुम्हाला चालतील. यात तुमचं कुणी नाही."

दिवाळीआधी शाळेच्या ग्रुपवर बातमी आली. झटका आला, सर गेले. सगळ्यांनी जोडलेले हात टाकले. मीही टाकले आणि सातवीच्या तासाला गेले. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. घरी येऊन भांडी घासतानाही नाही.

मग त्या हळू गाणाऱ्या बाईचं एक गाणं लावलं. तिची भाषा मला कळत नाही. पहिल्या ओळीलाच सर येऊन बसले.

मी गाणं बंद केलं. फोनवर दुसरं शोधायला लागले, सरांनी कधीच न ऐकलेलं.