मध्यंतरापर्यंतची आत्या

आमच्या वन्सं खाष्ट आहेत. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर भावजय असून नणंदेची वकिली करते म्हणून लोक भुवया उंचावतील. कुणाच्या खोलीत दिवा उगीच जळतोय असं वाटलं की त्या सरळ आत येऊन बटण बंद करतात, मग तिथे माणूस वाचत का बसलेला असेना. दारात ओल्या चपला दिसल्या की त्या कुणाच्या याची चौकशी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. पाहुण्याला ‘बसा’ म्हणायच्या आधी त्यांना त्याच्या बाहीची तिरकी टीप दिसते, आणि दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं काम चालतं. नवं काही त्या शिवत नाहीत. दुसऱ्यांनी शिवून बिघडवलेलं त्यांच्याकडे येतं. कमरेत सैल झालेल्या पँटी, चेन अडकलेली जाकिटं, बापाचा कोट मुलाला बसवायचा असतो तो. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, तारेवर ओळीने कपडे, आणि प्रत्येक कपड्याला टाचणीने टोचलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव कधीच नसतं. ‘उजवा खांदा पडका’, ‘घाई करतो पण न्यायला येत नाही’, ‘वजन कमी करणार म्हणते, शिलाई सोडून ठेवणे’ असं लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकं स्वतःची चिठ्ठी वाचतात, रागावतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा इथेच येतात.

धाकट्या भाऊजींच्या मुलाचं लग्न ठरलं आणि सगळ्यांचे डोळे त्या खोलीकडे वळले. भाऊजी आणि माझी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही मागच्या बाजूला. नवं जोडपं ठेवायचं कुठे?

“वन्संनी मशीन मागच्या व्हरांड्यात नेलं तर काय बिघडतंय?” जाऊबाई म्हणाल्या. “उजेड तिथेही येतोच की.”

उजेड येतो. गिऱ्हाईक मात्र आमच्या स्वयंपाकघरातून वाट काढत यायला हवं. शिवाय रस्त्यावरून जाताना खिडकीत वन्सं दिसल्या की माणसाला आपल्या पिशवीतली फाटकी पँट आठवते, हेच त्यांचं दुकान. वन्संनी ऐकून घेतलं, “नाही” म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं. भाऊजींनी दोनदा समजावलं, आमच्या ह्यांनी एकदा, तेही भाऊजींनी कोपर मारल्यावर. दर वेळी तेच उत्तर आणि लगेच मशीनचा आवाज.

तेवढ्यात जाऊबाईंची मैत्रीण एक सिनेमा पाहून आली. “अगं, तुझ्या नणंदेवरच काढलाय!” म्हणाली. त्यात घरादारावर राज्य करणारी एक आत्या आहे आणि शेवटी तिचे डोळे उघडतात. भाऊजींना ही कल्पना भलतीच पटली. “तोंडाने सांगून ताईला कळायचं नाही. पडद्यावर बघितलं की आपोआप उमजेल.”

रविवारी दुपारच्या खेळाची तिकिटं आली.

“मला सिनेमा?” वन्संनी चष्म्यावरून पाहिलं. “कुणी काय फोडलंय का घरात?”

पण आल्या. माझ्या शेजारीच बसल्या. पडद्यावरची आत्या अवतरली ती हातात कुलूप घेऊनच. अंधार पडायच्या आत दार लावणारी, साखरेच्या डब्याचं झाकण तपासणारी, भाच्याची चिठ्ठी फोडून वाचणारी, सुनेच्या माहेरच्यांसमोर सुनेला फाडून खाणारी. सगळं थिएटर खदखदून हसत होतं. आमची रांग हसताना एक डोळा वन्संवर ठेवून होती. जाऊबाई तर इतक्या वाकून बघत होत्या की त्यांना सिनेमा दिसत असेल असं मला वाटत नाही.

वन्संना शरमिंदं व्हायची काही घाई नव्हती. त्या खुर्चीच्या टोकावर सरकल्या होत्या.

“मीच आहे की ही,” त्या मला म्हणाल्या, आणि ते कुजबुजणं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या दोघी वळल्या. “झाकण उघडं टाकलं तर मुंग्या लागणारच. बरोबर बोलतेय.” चिठ्ठी फोडण्याच्या वेळी मात्र म्हणाल्या, “हे वाईट. हे मीही केलंय.”

मग तो प्रसंग आला. सगळं घर आत्याच्या दारात उभं. हवेशीर खोली तिने सोडावी म्हणून कुणी हात जोडतंय, कुणी डोळे पुसतंय. आत्या चौकटीला हात लावून उभी राहिली. “ही खोली माझी आहे. यायचं असेल त्याने दार वाजवून यावं,” म्हणाली. दिवे लागले. थिएटरात एकच टाळी वाजली. ती वन्संची.

मी आणि जाऊबाई चहाच्या रांगेत जाऊन परत आलो तर वन्संची खुर्ची रिकामी. “बाथरूमला गेली असेल,” भाऊजी म्हणाले. सिनेमा पुन्हा सुरू झाला तरी पत्ता नाही, तेव्हा मी दारवानाला विचारलं.

“चष्मेवाल्या, उंच बाई? त्या गेल्या ना घरी. सिनेमा झकास आहे म्हणाल्या.”

उरलेला सिनेमा आम्ही पाहिला. ज्यांच्यासाठी तिकिटं काढली त्याच निघून गेलेल्या. आम्ही मात्र मुकाट्याने धडा घेत बसलो. जाऊबाईंनी रुमाल भिजवला.

घरी आलो तर मशीनचा आवाज कोपऱ्यापासूनच ऐकू येत होता. वन्संची स्वारी खुशीत होती.

“या. फार दिवसांनी चांगला सिनेमा बघितला. आणि शेवट काय झोकात केलाय!”

“शेवट?” जाऊबाई दारातच थांबल्या. “वन्सं, अहो ते मध्यंतर होतं!”

“असेल. दिवे लागले, लोक उठले, मीही उठले. पुढे काय दाखवलं?”

भाऊजींना आयती संधी मिळाली. स्टूल ओढून ते बसले आणि घसा साफ करून सांगू लागले. आत्या एकटी पडते. कुणी तिच्याशी बोलत नाही. आजारी पडते. सून रात्रंदिवस सेवा करते, तेव्हा कुठे आत्याला आपली चूक कळते. सगळ्यांची माफी मागते, खोलीची किल्ली सुनेच्या हातात ठेवते आणि...

“आणि?”

“आणि जाते.”

“कुठे जाते?”

“ताई, जाते म्हणजे जाते. मरते.”

मशीन थांबलं. “मेली? कशाने?”

“कशाने म्हणजे... ते काही दाखवलं नाही. पश्चात्तापाने म्हण.”

वन्संना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पश्चात्तापाने कुणी मरतं होय रे? तसं असतं तर या घरात एक माणूस उरला नसता.” हसू ओसरलं तशा त्या भाऊजींकडे पाहत राहिल्या. “तिला मारल्याशिवाय त्या पोरांना खोली मिळाली नसती. म्हणून मारली. सिनेमावाल्याला दुसरं काही सुचलं नाही. तुम्हाला तरी कुठे सुचतंय?”

भाऊजींचा चेहरा पडला. “असं काय बोलतेस? तिने सगळ्यांसाठी खस्ता खाल्ल्या होत्या, तूही खाल्ल्यास, आम्हाला काय कळत नाही? आता जरा विसावा घे म्हणून...”

“मी नाही खाल्ल्या खस्ता. उगीच माझ्या गळ्यात हार घालू नकोस. मला हे काम आवडतं म्हणून मी करते. लोकांचं बिघडलेलं हातात घ्यायचं, उसवायचं, पुन्हा नीट बसवायचं, यात मला मजा येते. उद्याही येणार आहे.”

“पण सिनेमा बघून तुम्हाला काहीच वाटलं नाही?” जाऊबाईंचा आवाज चढला. “ती बाई घरातल्यांना किती छळते!”

“वाटलं ना,” वन्सं म्हणाल्या आणि उठून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “त्या सुनेला माहेरच्यांसमोर बोलली, तेव्हा मला तू दिसलीस. तुझी आई आली होती तेव्हा मी तुला भाजी करपल्यावरून टाकून बोलले. तू वर जाऊन रडलीस. ते चुकलं माझं. मी तुझी माफी मागते, या सगळ्यांसमोर मागते. तुझ्या आईला फोन करून सांगायचं असेल तर तेही सांगते.”

जाऊबाई गोंधळल्या. रडं आणि राग दोन्ही एकदमच आले असावेत, कारण त्या नुसत्याच “राहू दे” म्हणाल्या.

“का राहू दे? ती वेगळी गोष्ट आणि ही वेगळी. मी खाष्ट आहे, तोंडाळ आहे, दुसऱ्याचे दिवे बंद करते. सगळं कबूल. म्हणून काय खोली द्यायची? चांगली असते तर मायेने काढून घेतली असती, वाईट आहे तर शिक्षा म्हणून काढताय. दोन्हीकडून खोली जातेच, हे कसं काय?”

आमचे हे कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाले, “ताईचं बरोबर आहे.” भाऊजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना.

जाऊबाई तरातरा वर निघून गेल्या. पुढचा आठवडाभर त्या वन्संशी बोलल्या नाहीत, आणि वन्संनीही त्यांची मनधरणी केली नाही. माफी मागितली तेवढीच, वर लाडीगोडी नाही. माझ्यामार्फत निरोप जात. “त्यांना सांगा, पाण्याचा नळ सुटलाय.” “तिला सांग, माझे कान शाबूत आहेत.” जाऊबाईंच्या मुलाने मात्र सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी होणाऱ्या बायकोला घेऊन भाड्याच्या जागा बघायला सुरुवात केली. आईने डोळे वटारले तर म्हणाला, “आत्याला खोलीतून काढून तिथे संसार मांडायचा? मला झोप लागेल का?”

या धांदलीत एक गोष्ट सगळेच विसरले. भाऊजींनी परस्पर सुताराला सांगून ठेवलं होतं. तो पुढच्या सोमवारी सकाळी मोजपट्टी घेऊन पुढच्या खोलीत येऊन उभा राहिला.

“पलंग कुठल्या भिंतीला घ्यायचा?”

वन्संच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी नुसतं भाऊजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. जिन्यात जाऊबाई थबकल्या होत्या. भाऊजींनी मान खाजवली, एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा तारेवरच्या कपड्यांकडे.

“पलंग नको आता,” ते पुटपुटले. “चुकून सांगितलं होतं.”

“मग मला उगीच खेप?” सुतार चिडला.

वन्संनी टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्या. “उगीच कशाला? हे टेबल दोन हात वाढवायचंय. कोट पसरला की बाह्या खाली लोंबतात. जमेल?”

“जमेल की. पण खोलीत फिरायला जागा कमी राहील.”

“राहू दे कमी,” वन्सं म्हणाल्या. “आणि हे काय मोजताय? पट्टी वाकडी धरलीय तुम्ही. पुन्हा धरा.”