साडूंचं हलकं लिनक्स

कुठलीही वस्तू घरात एकटी येत नाही, या धास्तीत जगणारा अख्ख्या पुण्यातला एकमेव माणूस म्हणजे आमचे साडू. खराडीतल्या संगणकाच्या नोकरीनं ही धास्ती आणखी पक्की केली. थाळी ते कधीच मागवत नाहीत. "मला भाजी हवी असते, वाट्यांचं संमेलन नको." मेहुणीबाईंनी सोफा घ्यायचं काढलं, तर यांनी दुकानदाराला विचारलं, "आणि याच्यामागून काय काय येणार?" तो भाबडेपणानं म्हणाला, टीपॉय. सोफा आजतागायत आलेला नाही. आम्ही त्यांच्याकडे सतरंजीवर बसतो, आणि खरं सांगायचं तर मजेत बसतो.

त्यांचा मुख्य राग मात्र लिनक्स या संगणकप्रणालीतल्या इनिटवर. संगणक सुरू झाला की सर्वांत आधी उठून बाकीच्यांना उठवणारा प्रोग्रॅम, तो इनिट. "उठवायचं काम दिलं, तर हा स्वयंपाकापासून पहाऱ्यापर्यंत सगळं स्वतःकडे घेऊन बसलाय. मेमरी खातो ती वेगळीच!" येरवड्याला सासऱ्यांचा जुना, लिनक्सवरच चालणारा संगणक धापा टाकू लागला, तेव्हा सगळे म्हणाले, नवा घ्या. सासरे तयार होईनात. सासूबाई होत्या तेव्हा त्यावर पत्ते खेळायच्या. पडद्यावरची चित्रं त्यांनीच आपल्या सोयीनं मांडलेली, पत्ते डावीकडे, गाणी खाली. साडू म्हणाले, "अहो, हलका इनिट बसवतो. पळेल बघा." आणि एका रविवारी सकाळी मोठा इनिट काढायला बसले. संगणकानं विचारलं, याच्या आधारावर उभं असलेलंही सगळं काढू का? जन्मभर 'याच्यामागून काय काय' असं दुसऱ्यांना विचारत आलेल्या माणसानं न वाचता 'हो' म्हटलं.

पडदा काळा झाला. सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, तिनं मांडलेलं गेलं का हो?" साडू पुन्हा कळफलकावर वाकले. मला त्यांची फार दया आली. जेवायलाही न उठता त्यांनी हलक्या इनिटवर एकेक भाग जोडत संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा उभं केलं. संगणक चटकन उठला, आणि पत्ते डावीकडे, गाणी खाली! "मांडणी वेगळ्या कप्प्यात असते, हे मला ठाऊक होतं," साडू म्हणाले, "पण ते सांगायचा धीर होत नव्हता." मग तोंड धुवायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

तेव्हापासून दर रविवारी ते 'संगणक बघायला' येरवड्याला जातात. त्यांच्यामागून मेहुणीबाई, मुलं, आम्ही, आमचे डबे. सासरे दारातच विचारतात, "तुमच्याबरोबर आणखी कोण कोण आलंय?"

साडू मान खाली घालून म्हणतात, "सगळेच."

मग सासरे पत्त्यांचा डाव उघडतात. घर माणसांनी भरलेलं असतं, पण त्यांच्या शेजारची खुर्ची आम्ही कुणी घेत नाही.